फोंड्याहून लिस्बनला, एन्डोमेट्रिओसिससह

मी गोव्यातल्या फोंड्यात फार्मसी चालवते. हे प्रकरण माझ्या दुकानात गेली सहा वर्षं औषधं न्यायला येणाऱ्या एका बाईचं आहे. तिच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. मसुदा तिनं वाचला, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. नाव बदलून घालण्यापेक्षा मी तिला इथं 'बाय' म्हणते. आमच्याकडे धाकटीला, लेकीला अशीच हाक मारतात.

पार्श्वभूमी

बाय छत्तीस वर्षांची, कॉलेजात इतिहास शिकवते. पाळीत असह्य दुखायला लागलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. घरात देवाधर्माचं कडक. ते चार दिवस बाजूला बसायचं, आणि बाजूला बसलेल्या मुलीचं दुखणं कोण विचारतो? आईनं ओवा दिला, शेकायला गरम पाणी दिलं, 'लग्न झालं की जातं' असं सांगितलं. लग्न झालं आणि दुखणं वाढलं. शौचाला जाताना कळ, संबंधांच्या वेळी कळ, पाळी संपल्यावरही कमरेत ठणका. निदान झालं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. चौदा वर्षं गेली.

एन्डोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. अंडाशयावर, आतड्यावर, गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटींच्या आसपास बायका-मुलींना तो असतो. फोंड्याच्या तिंट्यावर दहा बायका भाजी घेत असतील तर त्यातली एक, असा विचार मी करते तेव्हा मला दुकानातल्या गिऱ्हाइकांचे चेहरे दिसतात.

बायची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, डाव्या अंडाशयातली जुन्या रक्तानं भरलेली गाठ काढली. त्यानंतर रोज रात्री नऊ वाजता डायनोजेस्ट या संप्रेरकाची २ मिलिग्रॅमची गोळी. पाळी जवळजवळ थांबली, दुखणं निम्म्यावर आलं. पण महिन्यातून दोनतीन दिवस अजूनही असे येतात की ती वर्गात खुर्चीवर बसून शिकवते.

अडचण

बायला लिस्बनला जायचं होतं. तिथल्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात गोवा आणि पोर्तुगाल यांच्यातल्या पत्रव्यवहाराचे जुने ग्रंथ आहेत, त्यातला काही भाग तिला प्रत्यक्ष बघायचा होता. ऑक्टोबरचे शेवटचे चौदा दिवस, एकटीनं. नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात, त्याला रजा नाही. आई म्हणाली, "दुखणं घेऊन परमुलखात कशाला? इथंच काय ते वाच." बायला ते लागलं. ती दुकानात येऊन म्हणाली, "ताई, गोळ्यांचं तेवढं बघा, बाकी मी बघते."

या वाक्यावर मी समाधान मानलं. ते का चुकलं, ते पुढे येईल.

जाण्याआधी पाच आठवडे तिच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. उजव्या अंडाशयात तीन सेंटिमीटरची नवी गाठ दिसली. डॉक्टरांचं मत असं की एवढ्यासाठी प्रवास रद्द करायची गरज नाही, पण अचानक एका बाजूला जोरात दुखलं, उलट्या झाल्या, चक्कर आली, ताप आला किंवा तासाला एक पॅड भिजलं तर वाट न बघता इस्पितळ गाठायचं. गाठ फुटू शकते, आणि क्वचित अंडाशयाला पीळ पडतो. पीळ पडला तर तासांचा हिशेब असतो.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न बायनंच आणला. "पाळी पुढे ढकलायची गोळी द्या, म्हणजे काळजीच नको." आमच्या दुकानात चवथीच्या आधी, लग्नाच्या आधी, देवळातल्या उत्सवाच्या आधी ही मागणी सगळ्यात जास्त असते. चिठ्ठी नसते आणि संकोचही नसतो, इतकी ती रूढ आहे. ही गोळी म्हणजे नॉरेथिस्टेरॉन. मी दिली नाही. बाय आधीच डायनोजेस्ट घेत होती, दोन्ही एकाच जातीची संप्रेरकं. एकावर एक चढवायची की नाही हे डॉक्टरनं ठरवायचं. शिवाय पाळी ढकलायला लागणाऱ्या मात्रेत नॉरेथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. लांबच्या विमानप्रवासात तासन् तास बसून राहण्यानं तो आधीच वाढलेला असतो. डॉक्टरांनीही नाहीच म्हटलं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. वाईट दिवसांसाठी बायकडे ट्रामाडोल या तीव्र वेदनाशामकाच्या सहा गोळ्या असायच्या. त्या नेल्या तर मनाला धीर, पण तिचं तिकीट आखातातून होतं. ट्रामाडोल भारतातही २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि आखाती देश ट्रामाडोल, कोडीन यांच्याबाबत फार कडक आहेत. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं नेण्याआधी तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी लागते. बाय म्हणाली, "मी तर फक्त विमान बदलणार, विमानतळाबाहेर पाऊलसुद्धा टाकणार नाही." तिचा मुद्दा बरोबर होता, पण दुसरं विमान चुकलं तर? आम्ही तिघींनी, म्हणजे ती, मी आणि डॉक्टर, त्यावर दोनदा बोललो. मार्ग बदलून युरोपातून जायचं तर तिकीट बरंच महाग पडत होतं. शेवटी ठरलं की ट्रामाडोल घरीच ठेवायचं. त्याच्या जागी नॅप्रोक्सेन जेवणानंतर दिवसातून दोनदा, त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल, आणि दुखणं शिखरावर जायच्या आधी सुरुवात करायची. उलटी झाली तर पोटात औषध टिकत नाही, म्हणून जिभेवर विरघळणाऱ्या ओंडान्सेट्रॉनच्या गोळ्या. बायच्या पर्समध्ये सवयीनं मेफ्टाल-स्पास असायची, ती मी काढून ठेवायला लावली. त्यातलं मेफेनामिक ॲसिड आणि नॅप्रोक्सेन एकाच कुळातली, दोन्ही एकत्र घेतली तर जठराचं आणि मूत्रपिंडाचं नुकसान. तिथं दुकानात सहज मिळणारं आयब्युप्रोफेनही त्याच कुळातलं, हेही सांगितलं.

तिसरा प्रश्न विम्याचा. पोर्तुगालला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतोच. अर्जात जुना आजार लिहायचा की नाही? एजंट म्हणाला, "कशाला लिहिता, हप्ता वाढेल." बायनं लिहिलं, आणि शस्त्रक्रियेची तारीखही लिहिली. हप्ता वाढलाच. पॉलिसीत जुन्या आजारावर फक्त जिवावर बेतेल अशा प्रसंगी खर्च मिळेल अशी अट होती, ती तिनं वाचली आणि कबूल केली.

तयारी

डॉक्टरांनी लेटरहेडवर इंग्रजीत एक पान लिहून दिलं. निदान, शस्त्रक्रिया, नव्या गाठीचं माप, चालू औषधांची मूळ नावं. ब्रँडचं नाव परदेशात कुणाला कळत नाही, डायनोजेस्ट हे नाव कळतं. त्या पानाखाली पोर्तुगीजमधल्या चार ओळी आम्हाला हव्या होत्या. माझ्या शेजारी ऐंशी ओलांडलेले एक मास्तर राहतात, गोवा मुक्तीच्या आधी पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकलेले. त्यांनी चष्मा पुसून, शब्द आठवत आठवत त्या लिहून दिल्या. 'तेन्यु एंदुमेत्रिओज' ही पहिली ओळ त्यांनी बायकडून दहा वेळा म्हणवून घेतली. अशी मदत करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. बायकांच्या दुखण्याचं नाव घेताना ते एकदाही अडखळले नाहीत.

डायनोजेस्टची वेळ ठरवायची होती. ऑक्टोबरात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे इथले रात्रीचे नऊ तिथले दुपारचे साडेचार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेतीन. दोन आठवड्यांसाठी वेळ बदलण्यापेक्षा इथल्याच वेळेवर राहू असं ठरलं. गोळी घेतल्यावर तीनचार तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची, म्हणून दहा गोळ्या जास्तीच्या. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, सामानात एकही नाही. हवा लागली की तापणारे पॅच आणि रिकामी रबरी पिशवी.

इथं माझ्या हातून एक चूक झाली. पॅरासिटामॉल आणि ओंडान्सेट्रॉन मी मोजून, स्ट्रिप कापून दिली. आपल्याकडे आम्ही रोज देतो तशी. कापलेल्या तुकड्यावर ना नाव शिल्लक होतं, ना मुदत.

प्रवास

मोप्याहून विमान तीन तास उशिरा सुटलं आणि पुढचं चुकलं. विमान कंपनीनं रात्रीसाठी हॉटेल दिलं, म्हणजे बायला इमिग्रेशन आणि कस्टम ओलांडून बाहेर यावं लागलं. बॅग स्कॅनरमधून गेली आणि अधिकाऱ्यानं औषधांची पिशवी उघडली. डायनोजेस्टचं पाकीट, नॅप्रोक्सेनची पूर्ण स्ट्रिप, चिठ्ठी, डॉक्टरांचं पान, सगळं ठीक. अडलं ते माझ्या कापलेल्या दोन तुकड्यांवर. हे काय आहे? बाय सांगत होती, पण तुकडा काही सांगत नव्हता. चाळीस मिनिटं तिला बाजूला बसवलं, मग वरिष्ठांनी पान वाचून सोडलं. औषधं परत दिली. त्या पिशवीत ट्रामाडोल असतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही बेचैन करतो.

दुसरी गडबड फोनच्या अलार्मची. नऊचा अलार्म फोननं स्थानिक वेळेवर नेला, आणि लिस्बनला पहिले तीन दिवस ती तिथल्या रात्री नऊला गोळी घेत राहिली, म्हणजे साडेचार तास उशिरा. मनाशी हिशेब करून तिला चौथ्या दिवशी लक्षात आलं. पाचव्या दिवशी थोडं रक्त दिसलं. उशिरामुळेच ते झालं असं मी म्हणणार नाही. प्रवासाचा ताण, जागरण, काहीही असू शकतं. पण दोन वर्षांत प्रथमच रक्त दिसल्यानं ती घाबरली, आणि घाबरून गप्प बसली.

खोली तिनं आल्फामात घेतली होती, फोटो बघून. जुना सुंदर भाग, अरुंद चढ, पायाखाली गुळगुळीत पांढऱ्या दगडांची फरसबंदी, खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. अभिलेखागार शहराच्या दुसऱ्या टोकाला, विद्यापीठाच्या आवारात. रोज चढ-उतार, मेट्रो, मग वाचनकक्षात ताठ बसणं. बॅग लॉकरमध्ये ठेवावी लागे, त्यामुळे औषधंही लॉकरमध्ये. वाचताना कळ आली तरी उठून जायला तिला संकोच वाटायचा. तिथल्या ज्या प्राध्यापिकेनं तिला पत्र देऊन बोलावलं होतं, त्यांना आजाराबद्दल एक शब्दही तिनं सांगितला नव्हता. घरमालकिणीलाही नाही.

नववी रात्र

आमच्याकडे सकाळचे साडेसहा झाले होते, चहा उकळत होता. बायचा व्हॉट्सॲप कॉल. तिथं रात्रीचे दोन. उजव्या बाजूला अकरा वाजल्यापासून भोसकल्यासारखं दुखतंय, दोनदा उलटी झाली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी विचारलं, "तीन तास काय करत होतीस?" ती म्हणाली, "शेकत होते. मालकीणबाई म्हाताऱ्या आहेत, त्यांना कशाला उठवू?"

डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणांपैकी तीन हजर होत्या. मी म्हटलं, फोन चालू ठेव आणि आत्ता त्यांचं दार वाजव. त्यांनी दार उघडलं, बायनं मास्तरांची ओळ म्हटली, पान पुढे केलं. बाईंनी ते वाचलं आणि लगेच ११२ लावला. तो सगळ्या युरोपीय संघात चालणारा आपत्कालीन क्रमांक आहे. पुढे मला फक्त जिन्यावरचे आवाज ऐकू येत होते, आणि मालकीणबाई बायला न कळणाऱ्या भाषेत तिला धीर देत होत्या.

इस्पितळात हातात रंगीत पट्टी बांधून तातडीचा क्रम ठरला. सोनोग्राफीत दिसलं की गाठ फुटली आहे, पोटात थोडं द्रव आहे, अंडाशयाला पीळ नाही. शिरेतून वेदनाशामक दिलं, काही तासांनी रक्त पुन्हा तपासलं, रक्तस्राव वाढत नसल्याची खात्री केली आणि सकाळी घरी सोडलं. दोन दिवस विश्रांती, दुखणं वाढलं किंवा ताप आला तर परत या. मालकीणबाईंनी दुपारी वाडगाभर कांजा आणून दिलं, कोंबडीच्या रश्शात शिजवलेला मऊ भात. हा शब्द आपल्याकडच्या कांजीवरूनच पोर्तुगीजांनी नेला. बाय म्हणाली, "ताई, पेजच ती. मी रडले."

निष्पत्ती

उरलेले दिवस ती थांबली. लवकर परतायचं का, यावर आम्ही बोललो. इस्पितळातल्या डॉक्टरनं ठरलेल्या तारखेला प्रवास करायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं, आणि घाईनं दुसऱ्याच दिवशी लांबच्या विमानात बसणं मला जास्त धोक्याचं वाटत होतं. शेवटी तिनं प्राध्यापिकेला सगळं सांगितलं. त्यांनी वाचनकक्षाच्या लोकांशी बोलून तिला मधूनमधून उठायची सोय करून दिली, आणि अर्ध्या दिवसाच्या कामातही तिला हवी असलेली निम्म्याहून जास्त पानं बघून झाली. परतीच्या विमानात कडेची जागा घेतली, दर दीड तासानं उठून चालली.

इस्पितळाचं बिल तिनं कार्डावर भरलं. विमा कंपनीला कळवायला दुपार उजाडली, त्यावर पुढे प्रश्न आले. दोन महिने कागद मागत राहिले, शस्त्रक्रियेचा जुना अहवालही. शेवटी बहुतेक रक्कम मिळाली, कारण आजार अर्जात आधीच लिहिलेला होता. इथं आल्यावर सोनोग्राफी, मग एमआरआय झाला. बंधांवर खोल रुजलेला आजार दिसला आहे, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल तिचं डॉक्टरांशी बोलणं चालू आहे.

काय वेगळं करता आलं असतं

ट्रामाडोल मागे ठेवणं आणि विम्यात खरं लिहिणं, हे दोन निर्णय मी पुन्हा तसेच घेईन. खोलीच्या बाबतीत आम्ही कुणी विचारलंच नाही. विद्यापीठाजवळ, मेट्रोच्या अंतरात, लिफ्ट असलेली साधी खोली घेतली असती तर तिचं रोजचं बळ वाचलं असतं. अलार्मऐवजी गोळीची वेळ कागदावर दोन्ही घड्याळांत लिहून पाकिटाला चिकटवायला हवी होती, आणि तीही गोव्यात असतानाच. विम्याचा मदत-क्रमांक मास्तरांच्या ओळींखालीच लिहून ठेवला असता तर मालकीणबाईंनी तोही लावला असता. परदेशी जाणाऱ्या कुणालाही आता मी कापलेली स्ट्रिप देत नाही, पूर्ण स्ट्रिप आणि बिल देते. गिऱ्हाईक पैशासाठी कुरकुरलं तरी.

पण मला सगळ्यात जास्त सलतात ते अकरा ते दोन हे तीन तास. पीळ पडलेला असता तर ते अंडाशय जाऊ शकलं असतं. आमच्याकडे औषधांची यादी होती, धोक्याच्या खुणांची यादी होती, आणि बायला ती पाठ होती. तरी ती शेकत बसली. सतरा वर्षांची असल्यापासून तिला हेच शिकवलं गेलंय, बाजूला बसायचं आणि कुणाला त्रास द्यायचा नाही. मी औषधं मोजली, पण 'तिथं तुझं दुखणं कुणाला माहीत असणार आहे' हा एक प्रश्न विचारला नाही. तो विचारला असता तर प्राध्यापिकेला पत्र गोव्यातूनच गेलं असतं, आणि मालकीणबाईंच्या दाराची थाप अकरालाच पडली असती.

मसुदा वाचून बायनं इथं समासात लिहिलं, 'मला सांगायचं होतं, पण कसं सांगायचं ते येत नव्हतं.' म्हणून मग आम्ही ते वाक्य तयार केलं, मराठीत, इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये. 'मला असा आजार आहे, वाईट दिवस आला तर मी तुमचं दार वाजवीन, तेव्हा मला इस्पितळात न्या.' मास्तरांनी पोर्तुगीज तपासून दिलं. तिला मे महिन्यात परत जायचंय, डॉक्टर हो म्हणाले तर. प्राध्यापिकेला हे वाक्य तिनं आधीच पाठवलंय, आणि या खेपेला खोली तळमजल्यावरची बघितली आहे.